दोन ठोक्यांतला एक

मी एक जुना हेडफोन आहे. काळा, जाडजूड, माथ्यावर पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोन वाट्या. पट्ट्याला तडा गेलाय, त्यावर वायरमनकडची काळी टेप गुंडाळली आहे. डाव्या वाटीचं झाकण कुठे गेलं ते भिंतीला विचारा, तिच्यावरच मला आपटलं होतं. एका मोठ्या कारखान्याच्या प्रेसखात्यात, दारातून आत शिरलात की डाव्या हाताला, मी खिळ्याला लटकलेला असतो. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो. तिच्यात मारामारी आहे, रक्त आहे, आणि खणखणीत दोन थपडा आहेत. पण मी काही लपवणार नाही. लपवालपवी एकदा झाली, तेवढी पुरे झाली.

माझा जन्मही आपटाआपटीतच झाला. गरम प्लास्टिक साच्यात कोंबलं, वरून दाबलं, कडा खरवडल्या, आणि एका बाईने माझ्या वाट्या पट्ट्यात अशा ठोकून बसवल्या की मला वाटलं, संपलं सगळं. आमच्यातल्या दर शंभरातल्या एकाला उंचावरून फरशीवर टाकून बघायचे. माझ्या शेजारच्याला टाकला. तो फुटला नाही, म्हणून आम्ही बाकीचे नव्व्याण्णव पास झालो. त्या बिचाऱ्याला पुन्हा कोणी खोक्यात ठेवलं नाही.

पुढे मी एका दुकानाच्या काचेआड चार महिने बसलो. येणारे यायचे, मला डोक्यावर चढवायचे, आरशात बघायचे आणि काढून ठेवायचे. "फारच मोठा दिसतो," म्हणायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अरे, मोठा आहे म्हणूनच तर कान झाकतो! पण दुकानात गिऱ्हाइकाला कोण शहाणपण शिकवणार? एका संध्याकाळी कामावरून सुटलेला एक माणूस आत आला. मानेला काळं तेल, बोटांवर जुने चरे, आणि आवाज असा मोठा की दुकानदार बाई दचकलीच.

"हेडफोन दाखवा!"

"दाखवते की. ओरडता कशाला?"

"ओरडत नाही हो. आमच्या खात्यात सगळे असेच बोलतात."

हा आमचा प्रेसवाला. पत्र्याला आकार देणारं भलंमोठं यंत्र असतं ना, प्रेस, ते तो चालवायचा. अठरा वर्षं त्या दणदणाटात काढल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज किती मोठा आहे तेच कळत नसे. बाई हुशार होती. तिने आधी कुठला हवाय ते विचारलं नाही, कशासाठी हवाय ते विचारलं.

"कंपनीच्या बससाठी. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास."

"बसायला मिळतं की उभ्याने?"

"भांडून मिळालं तर बसायला."

बाई हसली. आमचा प्रेसवाला मात्र हसला नाही. बाईने तीन वाण समोर मांडले. पहिले होते कानात घालायचे दोन इवलेसे बोंडुले. खिशात मावतात, वजन जाणवत नाही, पण धक्का लागला की एक गळून पडणार आणि मग दुसरा असून नसल्यासारखा. "आमच्या बसमध्ये माणूस पडतो, तिथे हे कसलं टिकतंय," असं म्हणून त्याने ते बाजूला सारले. दुसरा होता बारीक तारेचा, कानावर स्पंज टेकवणारा. तो हलका, कान तापवत नाही, पण बाहेरचं सगळं आत येतं आणि आपलं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं. "शेजारी रंगखात्यातला असला तर मला खिडकीतून फेकून देईल," प्रेसवाला म्हणाला. मग आलो मी. बाईने मला त्याच्या डोक्यावर बसवलं आणि माझ्या उजव्या वाटीवरचं शांततेचं बटण दाबलं.

मित्रांनो, तेव्हा त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. रस्ता गेला. डोक्यावरचा पंखा गेला. शेजारच्या दुकानात शटर ओढत होते, तेही गेलं. तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. मी फुशारलो. या माणसाला सुख म्हणजे काय ते मी दिलं, असं मला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

"हा तर आमच्या मफसारखाच बसतो की!" तो म्हणाला. मफ म्हणजे कारखान्यात कान वाचवायला घालतात ते. दिसायला अगदी माझ्यासारखेच, काळे, दोन वाट्यांचे. फरक एवढाच की त्यांच्यात फक्त स्पंज भरलेला असतो. गाणं नाही, बटण नाही, काही नाही.

"कान तापतील बरं का," बाई म्हणाली, "पिशवीत जागा खाईल, आणि दोन-तीन दिवसांनी चार्ज करावा लागेल. आणखी एक सांगते. हे बटण बसून असाल तेव्हाच दाबायचं. रस्ता ओलांडताना बंद. बाहेरचं काही म्हणजे काही कळत नाही. हॉर्न नाही की हाक नाही."

"मला हाक मारणारं बसमध्ये आहे कोण? शिव्या देणारेच सगळे."

असं म्हणून त्याने मला गळ्यात अडकवलं आणि तो चालता झाला. बाईने सांगितलेलं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. दोन्ही कान तेव्हा उघडेच होते.

आता बसचं ऐका. बस कसली, रोजचा आखाडा! बसमध्ये दोन खाती असायची. प्रेसखात्यातले आणि रंगखात्यातले. प्रेसवाल्यांचे कान गेलेले, म्हणून ते दोन हातांवर बसलेल्या माणसाशीही खेकसून बोलायचे. रंगवाले दिवसभर तोंडाला फडकी बांधून वासात उभे राहायचे, त्यांचं डोकं दुखायचं, त्यांना झोपायचं असायचं. मग काय? "हळू बोला की!" "काय म्हणालास?" "हळू!" "अरे मोठ्याने बोल, ऐकू येत नाही!" इथपासून सुरुवात आणि कॉलर धरण्यापर्यंत शेवट. आठवड्यातून दोनदा तरी कोणाचं नाक फुटायचं. ड्रायव्हर आरशात बघायचा आणि गाडी हाकत राहायचा. त्यालाही घरी जायचं होतं.

रंगखात्यात एक ढाण्या होता. सगळे त्याला ढाण्याच म्हणायचे. दरवाजासारखा रुंद. त्याला खिडकी लागायची, आणि खिडकीला कोण बसलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं. एक दिवस आमचा प्रेसवाला खिडकीला टेकून, डोळे मिटून, मला घालून बसला होता. ढाण्या म्हणाला, "ऊठ." आम्हाला कुठलं ऐकू येतंय! तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, कोपर घातलं. प्रेसवाल्याचं डोकं काचेवर आपटलं, मी उडालो आणि पायांच्या जंगलात पडलो. डझनभर बूट माझ्या आजूबाजूला थयथयत होते. वर ठोसे, शिव्या, कोणाचा तरी डबा फुटून आमटी अंगावर. माझा आता भुगा होणार हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात एक हात खाली आला. उजवा हात. तो बुटांमधून सरपटत माझ्यापर्यंत पोचला आणि त्याने मला मुठीत धरलं. त्या हातावर कोणाचा तरी बूट पडला, टाच गरकन फिरली, तरी मूठ सुटली नाही. हा हात ठोक्याचा. ठोक्या म्हणजे प्रेसवाल्याचा जोडीदार. एकाच प्रेसवर अकरा वर्षं दोघं, हा पुढून आणि तो मागून. ठोक्याने मला वर काढलं, डाव्या हाताने ढाण्याच्या छातीवर पितळी डबा असा हाणला की ढाण्या दोन शिटांमध्ये बसकण मारून राहिला. मग त्याने फुटका ओठ पुसला आणि मला प्रेसवाल्याच्या मांडीवर टाकलं.

"घे भावड्या तुझं गाण्याचं खेळणं. माझी बोटं मोजून घेतली आहेत. पाच आहेत."

"दुखतंय का रे?"

"दुखतंय तर. पण तुझं तोंड बघवत नव्हतं. पोरगं हरवलेल्या बाईसारखं झालं होतं."

आणि दोघं हसले, रक्ताळलेल्या तोंडांनी. मित्रांनो, त्या दिवसापासून मी ठोक्याचा ऋणी आहे. हे नीट लक्षात ठेवा.

आता त्याला ठोक्या का म्हणायचे ते सांगतो. प्रेसच्या पुढे उभा राहणारा पत्रा आत सरकवतो आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं दाबतो. वरून दोनशे टनांचा दणका पडतो. मागे उभा राहणारा तयार झालेली पाटी चिमट्याने ओढून काढतो. मध्ये एवढं धूड असल्यामुळे पुढच्याला मागचा दिसत नाही. बोललेलं ऐकू यायचा प्रश्नच नाही. म्हणून खात्याची रीत अशी की मागच्याने लोखंडी पाना प्रेसच्या अंगावर ठोकायचा. एक ठोका म्हणजे मोकळं, चालव. दोन ठोके म्हणजे थांब, हात आत आहे. मफ घातलेले असले तरी तो ठण् असा आवाज कानापर्यंत पोचतोच. ठोक्याचा ठोका सगळ्यात स्वच्छ. शेजारच्या प्रेसवरचे लोकसुद्धा ओळखायचे. खरं तर मागच्या बाजूला एक जाळी होती. ती खाली असली तर हात आत जाऊच शकत नाही. पण तिच्यामुळे काम रेंगाळायचं, म्हणून ती तारेने वर बांधून टाकलेली होती. सगळ्याच प्रेसवर. सुपरवायझर साहेब रोज तिच्याखालून जायचे.

मी तिथे जायलाच नको होतो. मी बसचा. पण एका आठवड्यात प्रेसवाल्याच्या मफची गादी फाटली. स्टोअरमधला म्हणाला, नवे सोमवारी येतील. प्रेसवाला परत आला, पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि म्हणाला, "सारखेच तर आहेत." पहिल्या दिवशी त्याने मला नुसतं कान झाकायला घातलं. दुसऱ्या दिवशी शांततेचं बटण दाबलं. दणका पडायचा आणि त्याच्या कानात उशी पडल्यासारखा नुसता धप्प असा आवाज यायचा. ठोक्याचे ठोके मात्र कळत होते. दिवसभर एक चूक झाली नाही. मग तिसऱ्या दिवशी त्याने गाणं लावलं.

तुम्हाला वाटेल, माणूस वाईट होता. अजिबात नाही. अठरा वर्षं दणदण ऐकलेल्या माणसाला गाण्यात काम करायला मिळालं, एवढंच. तो गुणगुणत पत्रे सरकवत होता. खोटं कशाला बोलू, मीही खूश होतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर एक पाटी साच्यात अडकली. चिमट्याने हलेना. ठोक्याने पाना उचलला आणि दोन ठोके मारले. ठण्. ठण्. मग पाना खाली ठेवला आणि उजवा हात आत घातला. पहिला ठोका माझ्यातून पार गेला. दुसरा आला त्याच क्षणी गाण्यातला ढोल पडला. बाहेरचा आवाज मी दाबत होतो, आतला ढोल वाढवत होतो. दुसरा ठोका मी खाल्ला. मी, दुसऱ्या कोणी नाही. प्रेसवाल्याच्या कानात एकच ठोका गेला. एक म्हणजे मोकळं. त्याने दोन्ही अंगठे दाबले.

ठोक्याची किंकाळीसुद्धा मी अर्धीच आत सोडली. प्रेसवाल्याला कळलं ते किंकाळीने नव्हे. पुढच्या बाजूने पाटी सरकली आणि तिच्यावरून लाल ओघळ त्याच्या बुटावर आला, तेव्हा कळलं. तो धावत मागे गेला. ठोक्या गुडघ्यांवर बसला होता आणि आपल्या हाताकडे बघत होता. अंगठा होता. बाकीची चार नव्हती. ज्या बोटांनी मला बुटांखालून काढलं, ती चार बोटं त्या साच्यात राहिली. लोक धावले, कोणी फडकं गुंडाळलं, कोणी ओरडलं, "गाडी आणा, अरे गाडी!" त्या गोंधळात प्रेसवाल्याचा हात डोक्याकडे गेला. त्याने मला ओढून काढलं आणि पिशवीत, डब्याच्या खाली, कोंबलं. सगळ्यात आधी त्याने ते केलं. मी अंधारात पडलो, आणि गाणं चालूच होतं.

चौकशी झाली. साहेबांची खोली, टेबल, एक कागद. मी पिशवीत, प्रेसवाल्याच्या पायांशी.

"किती ठोके ऐकलेस?"

"एक."

"मफ घातले होतेस?"

प्रेसवाल्याचा पाय हलला. पिशवीला लागला.

"घातले होते, साहेब."

पहिलं उत्तर खरं होतं. दुसरं खोटं होतं. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना जाळीविषयी काही लिहायचं नव्हतं, म्हणून कागद लवकर भरला तर बरंच होतं. कागदावर आलं की मागच्या कामगाराने हात आत असताना मोकळं असल्याचा ठोका दिला. चूक त्याची. अंतिम चौकशीनंतर त्याला कामावरून कमी करावं. मित्रांनो, हाताला नुसता अंगठा उरलेल्या माणसाला, आणि त्यातही स्वतःच्या चुकीने हात घालवलेल्या, दुसरीकडे कोण उभं करणार? त्याची अकरा वर्षं, त्याचं नाव, सगळं त्या एका ठोक्यावर टांगलं होतं. आणि तो ठोका कुठे गेला ते फक्त मला माहीत होतं. त्या दिवसांत मला तोंड असतं तर मी ओरडून ओरडून छप्पर उडवलं असतं.

दीड महिन्याने ठोक्या अंतिम चौकशीची तारीख विचारायला आला आणि आमच्याच बसने घरी निघाला. हाताला पांढरं बोचकं. तो बसमध्ये चढला आणि बस गप्प झाली. ढाण्या खिडकीच्या जागेवरून उठला आणि बाजूला सरला. ठोक्या तिथे बसला, आमच्या प्रेसवाल्याशेजारी. 

"भावड्या," ठोक्या म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मी एकच मारला होता का रे? मी दोन मारले असंच मला आठवतंय. पण सगळे म्हणतात एक. झोपेत मी ठोके मोजतो. कधी दोन होतात, कधी एकच होतो. मला आता माझीच खात्री वाटेना."

प्रेसवाला आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "मला... एकच ऐकू आला."

"मग एकच मारला असेन," ठोक्या म्हणाला. "तुझ्यावर कशाला संशय घेऊ? तू काय माझा वैरी आहेस?"

मी पिशवीत होतो. फोडून टाकावं स्वतःला, असं वाटलं मला. एक माणूस हात गमावून बसला होता आणि आता डोकंही गमावत होता, आणि आम्ही दोघं चोरासारखे गप्प होतो.

रविवारी दुपारी प्रेसवाल्याने मला बाहेर काढलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी डब्याखाली दबून वाकडा झालो होतो. त्याने मला चार्ज केलं, तेच गाणं लावलं, शांततेचं बटण दाबलं आणि बायकोला म्हणाला, "ती लोखंडी कढई घे. माझ्या पाठीमागे उभी राहा. उलथन्याने दोन ठोके मार. मध्ये थोडं थांब, पुन्हा दोन. मी किती ऐकले ते सांगतो."

"अहो, काय खेळ चाललाय हा? भाजी करपेल."

"मार म्हणतो ना!"

तिने मारले. "दोन," तो म्हणाला. पुन्हा मारले. "दोन." त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. तिसऱ्यांदा मारले. "एक."

"दोन मारले मी."

"एकच होता."

"अहो, मी काय आंधळी आहे? माझ्या हाताने मारले. दोन!"

तो वळला. तिच्याकडे, उलथन्याकडे बघत राहिला. मग त्याने मला डोक्यावरून ओरबाडलं आणि सगळा जोर लावून समोरच्या भिंतीवर हाणलं. पट्टा तडकला, झाकण उडालं. त्याने मला उचललं, पुन्हा हाणलं. "याने!" तो ओरडत होता, "याने खाल्ला त्याचा हात!" तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा बायकोने उलथनं फेकलं आणि त्याचं मनगट धरलं. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. पांढरीफटक पडली होती ती.

"त्याला काय मारता?" ती म्हणाली. "तो काय म्हणाला होता, मला कारखान्यात घेऊन चल म्हणून? ठोक्याभावोजी या घरात जेवलेत. तुमच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांची पानं उचललीत. आणि तुम्ही साहेबांसमोर मफ घातले होते म्हणून सांगून आलात?"

तो खाली बसला आणि रडायला लागला. आपल्या माणसाला रडताना बघून ती विरघळेल असं मला वाटलं. ती विरघळली नाही. तिने मला उचललं, तड्यावर टेप गुंडाळली, बटण दाबून गाणं वाजतंय ना ते ऐकलं आणि मला त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. या वेळी डब्याच्या वर.

"उद्या चौकशी आहे ना? हा घेऊन जायचा. नाहीतर मीच येते घेऊन."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत ठोक्या कडेच्या खुर्चीवर बसला होता. सही करायला त्याने डाव्या हातात पेन धरलं होतं, आणि ते धड धरताही येत नव्हतं. प्रेसवाल्याने मला टेबलावर ठेवलं.

"मी मफ घातले नव्हते, साहेब. हा घातला होता. गाणं चालू होतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "अरे, कागद झालाय सगळा. आता मिटत आलेलं कशाला उकरतोस? तुझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे. प्रेसवर चला. एकदा ऐका."

सगळे प्रेसवर आले. दणदणाट बंद केला, खातं गोळा झालं. प्रेसवाल्याने स्वतःच्या हाताने मला ठोक्याच्या डोक्यावर बसवलं, गाणं लावलं, आणि तो मागच्या बाजूला गेला. पाना उचलला. ठण्. ठण्.

"दोन," ठोक्या म्हणाला.

साहेब म्हणाले, "झालं?" प्रेसवाल्याने ऐकलंच नाही. त्याने पुन्हा मारले. "दोन." लोक कुजबुजायला लागले. मित्रांनो, माझ्यात गाणं चाललं होतं आणि मी देवाची करुणा भाकत होतो. येऊ दे तो ढोल. एकदा येऊ दे, त्याच जागी. प्रेसवाल्याने तिसऱ्यांदा पाना उचलला. ठण्. ठण्.

ठोक्याने मान वळवून प्रेसकडे बघितलं.

"किती?" कोणीतरी विचारलं.

"एक," ठोक्या म्हणाला.

"दोन होते!" अख्खं खातं ओरडलं.

ठोक्याने मला काढलं. हळूच काढलं, मोडक्या पट्ट्याला सांभाळून. तो प्रेसच्या मागे गेला. प्रेसवाला पाना धरून तिथेच उभा होता. ठोक्याने डावा हात उगारला आणि त्याच्या कानाखाली अशी लगावली की पाना खणकन खाली पडला.

"हा एक," ठोक्या म्हणाला.

मग दुसरी लगावली. प्रेसवाल्याच्या नाकातून रक्त आलं. त्याने हात वर केला नाही.

"हा दुसरा. किती झाले?"

"दोन."

"मोठ्याने बोल! मला वेड लागायची पाळी आली होती रे! हात गेला, तो यंत्राने नेला. माझं डोकं तू खात होतास. शेजारी बसून! किती?"

"दोन!" प्रेसवाला ओरडला. "तू दोन मारलेस! दोनच मारलेस!"

 ठोक्या प्रेसला टेकला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. कोणी त्याच्या जवळ गेलं नाही. साहेबांनी हातातला कागद दुमडला आणि ते वर तारेने बांधलेल्या जाळीकडे बघत राहिले, कारण आता सगळेच तिच्याकडे बघत होते.

कागद नव्याने लिहावा लागला. ठोक्याचं नाव साफ झालं, नोकरी राहिली. जाळ्या खाली आल्या, सगळ्या प्रेसच्या. प्रेसवाल्याला प्रेसवरून काढलं. आता तो खात्यात पत्र्याचे तुकडे गोळा करतो, झाडतो, तेल पुसतो. त्याच्याबद्दल मला दया येत नाही असं नाही. पण ते योग्य झालं असंच मी म्हणेन. दोघं बसमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत. तरी प्रेसवाला रोज आधी चढतो, खिडकीच्या जागेवर आपला डबा ठेवतो आणि ठोक्या आला की उचलतो. ठोक्या तिथे बसतो. पुढचं मला माहीत नाही, कारण मी आता बसने जात नाही.

मी इथे खिळ्यावर असतो. खात्यात नवा माणूस आला की ठोक्या त्याला माझ्यापाशी आणतो. शिकवायचं काम आता त्याच्याकडे आहे. दर शनिवारी तोच मला चार्ज करतो आणि माझ्या टेपचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवतो. माझ्यावर राग काढायचा हक्क जगात कोणाला असेल तर त्याला, आणि तोच मला सांभाळतो. नव्या माणसाच्या डोक्यावर तो मला चढवतो, ते गाणं लावतो, डाव्या हाताने पाना उचलतो आणि प्रेसवर ठोकतो. दहा वेळा. "मोज," म्हणतो. पोरं हसत हसत मोजायला लागतात.

मित्रांनो, तुम्हीही उद्या दुकानात जाल. प्रवासात घालायला माझ्यासारखाच कोणीतरी निवडाल. जरूर निवडा. कानाला नीट बसतो का बघा, धक्क्याने पडेल का बघा, पिशवीत मावतो का बघा. थकलेल्या माणसाला सव्वा तासाची शांतता द्यायला आम्हाला खरोखर आवडतं. फक्त आम्हाला बसमध्येच ठेवा. जिथे कोणीतरी तुमच्या कानावर भरवसा ठेवून हात आत घालणार आहे, तिथे आम्हाला नेऊ नका. आणि नेलंच, तर निदान लपवू तरी नका.

दहा वेळा ठोकून झालं की ठोक्या मला उतरवून खिळ्याला अडकवतो आणि नव्या माणसाला आकडे विचारतो. दोन, दोन, दोन, एक, दोन, असं काहीबाही तो सांगतो. मग ठोक्या आपला उजवा हात त्याच्या तोंडासमोर धरतो. अंगठा आणि पुढे काही नाही. पोराचं हसू मावळतं. ठोक्या एवढंच सांगतो की प्रत्येक वेळी दोन होते. मला बोलता येत नाही, पण त्याच्यामागे खिळ्यावर लटकून मीही रोज तेच म्हणतो. त्याने दोनच मारले होते.